कुकरातला सुरा

बागेतल्या बाकावर चाकू पडलेला दिसला तर शहाण्या माणसाने काय करावं? दुसऱ्या बाकावर जाऊन बसावं. त्या रविवारी सकाळी फिरायला आलेल्या यच्चयावत शहाण्या माणसांनी हेच केलं. नियमराव मात्र थांबले.

अर्थात हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. इमारतीतली मंडळी त्यांना समोर 'राव' म्हणत आणि पाठ वळली की 'नियमराव'. विमा कचेरीतला हा हेडक्लार्क बँकेच्या वा टपालाच्या खिडकीपुढे चिटपाखरू नसलं तरी जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभा राही आणि आतून 'पुढचा' अशी हाक आल्याशिवाय पाऊल उचलत नसे. अशा माणसाला बेवारस चाकू दिसणं म्हणजे बेवारस जबाबदारी दिसणं. थोड्या वेळाने इथे मुलं खेळायला येणार. एखाद्याचा हात कापला तर?

चाकूही काही साधासुधा नव्हता. चांगला हातभर वाटावा असा, रुंद पात्याचा, काळ्या मुठीचा. नियमरावांनी तो रुमालात धरून उचलला आणि आधी मालकाचा शोध घ्यावा म्हणून उंच धरून मोठ्यांदा विचारलं, "हा कोणाचा आहे का?"

समोरून पळत येणारा घोळका जागच्या जागी वळला आणि आला त्याच्या दुप्पट वेगाने परत गेला. शेंगदाणेवाला टोपली टाकून झाडामागे गेला. आयुष्यात पहिल्यांदाच नियमरावांना कोणी एवढी मोकळी वाट करून दिली. पण त्याचा आनंद घ्यायचं त्यांना सुचलं नाही. ते मुकाट्याने घरी आले.

दार वहिनींनी उघडलं. वहिनी म्हणजे नियमरावांच्या पत्नी. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू.

"हे काय?"

"चाकू."

"आपल्याकडे आहेत की दोन."

"विकत नाही आणला. सापडला, बागेत."

"मग जिथे सापडला तिथे ठेवून या."

"तिथे मुलं खेळतात."

"मग कचऱ्यात टाका."

"आणि कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागला म्हणजे?"

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, आपली चौकशी व्हायचीय, विसरलात का? उद्या-परवा पोलिसांचा माणूस दारात येईल आणि टेबलावर हे धूड बघेल. काय सांगणार आहात त्याला? टरबूज कापतो म्हणून?"

नियमरावांनी रुमालाची टोकं चाकूवर ओढून घेतली. त्यांची एकुलती एक लेक परदेशी. तिला महिन्यापूर्वी मुलगा झाला होता. नातवाचं तोंड बघायला जायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला पोलिसांचा दाखला हवा, आणि दाखल्याला चारित्र्य. नियमरावांचं चारित्र्य आजवर इतकं धुतलेलं होतं की त्याचा रंगच दिसत नव्हता. वहिनी तर चौकशीच्या धास्तीने सोफ्याच्या खोळी एक दिवसाआड बदलत होत्या. पोलीस खोळी बघून दाखला देतात असं त्यांना कोणी सांगितलं होतं, कोण जाणे.

इतक्यात शेजारचे वकीलसाहेब आले. ते दर रविवारी येत. त्यांचा कायद्याचा व्यासंग दांडगा आणि वर्तमानपत्र मात्र नियमरावांचं. उभ्या हयातीत त्यांनी खरेदीखतं सोडून दुसरं काही केलं नव्हतं, पण त्यांच्या गॅलरीत तो काळा कोट वाळत असे ना, त्या कोटाचा इमारतीला मोठा आधार होता.

हकिगत ऐकून त्यांनी चष्मा काढला. ते चष्मा काढत तेव्हा प्रकरण गंभीर समजायचं.

"बागेतून इथवर कसा आणलात?"

"रुमालात गुंडाळून."

"म्हणजे लपवून!"

"मग काय उघडा आणायचा होता?"

"उघडा? म्हणजे दहशत!"

"अहो, मग आणायचा तरी कसा?"

"आणायचाच नव्हता," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. कायद्याची हीच तर गंमत आहे. काय करायचं नव्हतं हे तो अगदी बिनचूक सांगतो, पण करून झाल्यावर.

"सार्वजनिक जागी पात्याचं हत्यार बाळगायचं, तर वाजवी कारण लागतं," ते पुढे म्हणाले.

"आहे ना कारण! मला तो पोलिसांत जमा करायचाय."

"ते तुमच्या मनात. रस्त्यावरच्या शिपायाला तुमचं मन दिसतं का? त्याला चाकू दिसतो. शिवाय पात्याची लांबी! एका ठरावीक लांबीच्या वर गेलं की संपलंच."

"किती लांबी?"

"ते आता नेमकं आठवत नाही. पण हा त्याहून लांब आहे."

वहिनींनी शिवणाची टेप आणली. नियमराव पुडकं सोडू देईनात, आत बोटांचे ठसे असतील म्हणून. त्यांनी चाकू तोवर वर्तमानपत्रात बांधून सुतळीने आवळला होता. वकीलसाहेबांचं अर्धं वाचून झालेलं पानही त्यात गेलं, त्याचं त्यांना जरा वाईट वाटलं. शेवटी पुडकंच मोजलं, आणि त्या मापावरून काहीही सिद्ध होत नाही यावर तिघांचं एकमत झालं.

चौकीला फोन करणं बाकी होतं. तो वहिनींनी केला. पलीकडे कसला तरी गलका चालला होता. "आज सगळी माणसं कार्यक्रमात आहेत बाई," पलीकडचा ओरडून म्हणाला, "तुम्हीच घेऊन या काय ते!"

"बघा, परवानगी मिळाली!" नियमराव म्हणाले.

"तोंडी," वकीलसाहेब म्हणाले.

तोंडी परवानगी आणि तोंडी लावणं यात फारसा फरक नसतो, हे ते समजावून सांगत होते, तेवढ्यात वरच्या मावशी आल्या. एखाद्या घरात तीन माणसं एका विषयावर बोलू लागली की वरच्या मजल्यावर मावशींना ते फरशीतून कळतं. मावशी एकट्या राहतात, त्यामुळे अख्ख्या इमारतीचा संसार त्यांना करावा लागतो.

"काय झालं? कोण आजारी आहे?"

"रावांना सुरी सापडली बागेत," वहिनी म्हणाल्या.

"शस्त्र," वकीलसाहेब म्हणाले.

"म्हणजे सुरा!" मावशी किंचाळल्या आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. इथे मराठी भाषेची थोरवी मान्य करावी लागते. सुरी म्हटलं की भाजी डोळ्यांपुढे येते, सुरा म्हटलं की प्रेत. एका वेलांटीच्या जागी काना आला आणि हॉलमधली हवाच गार झाली. "अगं बाई गं! कोणाला मारून टाकला असेल मेल्याने! मला दाखवू नका हो, मी रात्रभर झोपायची नाही. कसला राक्षस असेल! बागेत सुरा टाकून जातो म्हणजे काय? आईबापांनी काही वळण लावलं नाही का?"

"प्रश्न असा आहे मावशी," वकीलसाहेब म्हणाले, "की हा चौकीपर्यंत न्यायचा कसा. लपवलेलाही नको, उघडाही नको. आणि चटकन हाताशी येईल असा तर मुळीच नको."

मावशींनी डोळ्यांवरचा एक हात खाली घेतला. "माझा कुकर घ्या."

"काय?"

"मोठा कुकर. पन्नास माणसांच्या स्वयंपाकाचा. त्याचं झाकण एकदा बसलं की माझं मलाच धड उघडत नाही. त्यातून सुरा काढून कोणाला मारायचं म्हटलं, तर तो माणूस म्हातारा होऊन आपला आपण मरेल."

वकीलसाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर, जुन्या सातबाऱ्यात चूक सापडल्यावर यावा तसा प्रकाश आला. "उत्तम! कुकरात ठेवला की ते शस्त्र राहत नाही. ते भांडंकुंडं होतं!"

कुकर खाली आला. पुडकं आत तिरपं बसलं. झाकण लावताना मावशींनी तोंड भिंतीकडे केलं होतं, त्यामुळे ते नियमरावांनी लावलं. कुठेतरी खट्‌ असा आवाज झाला. तो शुभ असावा असं सगळ्यांना वाटलं.

चौघंही निघाले. वास्तविक एका चाकूला चार माणसं लागत नाहीत. पण वहिनींना नियमरावांच्या बोलण्याचा भरवसा नव्हता, मावशींना कुकरची काळजी होती, आणि वकीलसाहेबांना आयुष्यात एकदा तरी पोलीस चौकी आतून बघायची होती.

बस अर्धी भरलेली होती. नियमराव मांडीवर कुकर घेऊन खिडकीशी बसले. प्रत्येक वळणावर आतून खण्ण असा आवाज येई आणि ते खोकत. कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता कुकरकडे बघितलं.

"काय आहे यात?"

नियमराव जन्मात खोटं बोलले नव्हते. ते लाल झाले. "कुकर आहे," ते म्हणाले.

"ते दिसतंय. कुकरात काय आहे?"

"भांडंकुंडं," वकीलसाहेब पुढच्या सीटवरून म्हणाले. बसने वळण घेतलं. खण्ण.

कंडक्टर समजूतदार होता, पुढे गेला. पण शेजारच्या सीटवरच्या एका बाईंचा जीव त्या कुकरवर जडला. तसलाच कुकर त्या कधीपासून शोधत होत्या म्हणे. "झाकण आतून बसतं की बाहेरून? जरा उघडून दाखवता का?"

"नाही दाखवता येणार," नियमराव म्हणाले.

"अहो, मी काही खाणार नाही त्यातलं."

"खाण्यासारखं नाहीच ते."

"का? करपलं का?" असं विचारून त्या बाईंनी सरळ कुकरच्या दांड्याला हात घातला. नियमरावांनी कुकर छातीशी कवटाळला. पलीकडे बाई ओढतायत, अलीकडे विमा कचेरीचा हेडक्लार्क डोळे मिटून झोंबतोय, आणि सगळी बस मान वळवून बघतेय. वहिनींनी खिडकीबाहेर बघत, हा गृहस्थ आपला कोणी लागत नाही असा चेहरा केला. मावशी मात्र उभ्या राहिल्या. "ए बाई, सोड! विकायचा नाहीये तो!" बाईंनी सोडला. "एवढं काय सोनं लागून गेलंय," म्हणत त्यांनी तोंड फिरवलं. नियमरावांची मान खाली गेली ती उतरायच्या थांब्यापर्यंत वर आली नाही. ज्या माणसाने आयुष्यात बसमध्ये कोणाच्या पायावर पाय दिला नाही, त्याने एका अनोळखी बाईशी भांड्यावरून मारामारी केली होती.

चौकीच्या फाटकावरच्या शिपायाने त्यांना लांबूनच बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "आलं का? या, या! केव्हाची वाट बघतोय!"

नियमरावांना वाटलं, फोनवरचा निरोप पोचलेला दिसतोय. पोलीस खातं इतकं तत्पर असेल याची त्यांना कल्पना नव्हती. शिपायाने कुकर अदबीने हातात घेतला आणि आत नेऊन टेबलाच्या मधोमध ठेवला. आजूबाजूच्या खोल्यांतून पोलीस गोळा झाले. भिंतीला पताका होत्या, एका हवालदाराच्या गळ्यात हार होता.

"वासावरून काही कळत नाही," एकजण कुकरवर वाकून म्हणाला. "काय आहे हो?"

"चाकू," नियमराव म्हणाले.

कुकरवर वाकलेला माणूस सरळ झाला. जेवणाची वाट बघणाऱ्या माणसांना असलं उत्तर देऊ नये. हार घातलेला हवालदार सावकाश उठला. सगळे त्यांना हवालदारमामा म्हणत. त्यांचा नोकरीतला तो शेवटचा दिवस होता आणि त्यांच्याच निरोपाचा कार्यक्रम चालला होता.

आतून फौजदारबाई आल्या. तरुण, पण भुवया अशा की समोरच्याला न केलेले गुन्हेही आठवावेत. नियमरावांनी सगळं सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात त्यांनी केली, मधला भाग वहिनींनी सांगितला आणि राक्षसाबद्दलचा मावशींनी.

"बघू," फौजदारबाई म्हणाल्या. "उघडा."

कुकर उघडेना. नियमरावांनी जोर केला, शिपायाने केला, मग दोघांनी मिळून केला. एका धिप्पाड पोलिसाने कुकर गुडघ्यात धरून दांडा पिळला, तेव्हा कुकर तसाच राहिला आणि पोलीस फिरला. कोणी गार पाणी ओतलं, कोणी दंडुक्याने ठोकलं. मावशी सारख्या पुढे येत होत्या. "अरे, असा नाही, मी दाखवते—"

"बाई, लांब व्हा. हा मुद्देमाल आहे."

"मुद्देमाल काय, माझा कुकर आहे तो!"

"आत्ता तो मुद्देमाल आहे."

फौजदारबाईंनी नियमरावांकडे रोखून बघितलं. "आत खरंच चाकू आहे?"

"हो... म्हणजे होता."

"दुसरं काही नाही ना?"

या प्रश्नाने दोन पोलीस टेबलापासून जरा मागे सरकले. नियमरावांच्या डोळ्यांपुढे पासपोर्ट फडफडत उडून गेला. पाठोपाठ नातू गेला. त्यांना वाटलं, आपल्या हातून गुन्हाही धड झाला नाही. चाकू बाळगल्याबद्दल आत जायची वेळ आली आणि पुराव्याला चाकूही निघत नाही.

शेवटी मावशींचा संयम संपला. दोघा पोलिसांना कोपराने बाजूला करून त्या टेबलाशी गेल्या. "बाबा रे, चारचौघांत असं करू नये," असं कुकरला म्हणाल्या, त्याच्या डाव्या कुशीत एक चापट दिली, आणि झाकण सुटलं.

टाळ्या पडल्या. फौजदारबाईंनी पुडकं काढलं, सुतळी कापायला काही मिळेना म्हणून दाताने तोडली आणि कागद उलगडला. मावशींनी डोळे झाकले होते, पण बोटांत फट होती. त्या फटीतून त्या बघत होत्या. मग एक हात खाली आला. मग दुसरा.

"अगं बाई," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "ही तर माझी सुरी."

फौजदारबाईंनी सुरी उलटसुलट करून बघितली.

"मुठीला इथे डाग बघा. गॅसवर राहिली होती एकदा. काल संध्याकाळी आम्ही बायका बागेत बसलो होतो ना, कलिंगड कापायला नेली होती. आणि मग गप्पांच्या नादात..." त्यांचा आवाज विझत गेला. आईबापांनी वळण न लावलेला राक्षस तिथे टेबलाशी उभा राहून नखाने टेबलावरचा डाग खरवडत होता.

फौजदारबाईंच्या भुवया जुळल्या. "म्हणजे एवढं मोठं पातं तुम्ही सार्वजनिक बागेत नेलंत. आणि तिथेच टाकून आलात."

मावशींचे डोळे भरून आले. त्यांनी वकीलसाहेबांकडे बघितलं. वकीलसाहेब भिंतीवरच्या पताकांकडे बघत होते. "माझं क्षेत्र खरेदीखतांचं," ते पुटपुटले.

आणि तेव्हा नियमराव पुढे झाले. पुढे म्हणजे खरोखरच पुढे. कोणी 'पुढचा' अशी हाक मारलेली नसताना.

"साहेब," ते म्हणाले. आवाज आश्चर्यकारकरीत्या खणखणीत निघाला. "विसरल्या ही चूक झाली. पण नेली त्याला कारण होतं. वाजवी कारण. कलिंगड हे वाजवी कारण नाही, असं कोणता कायदा म्हणेल? ते काय दाताने फोडायचं? या बाईंनी आमच्या इमारतीत आजारी पडलेल्या प्रत्येक माणसाच्या उशाशी रात्री काढल्यात. यांच्या हातात सुरी असली की आम्ही समजतो, आता काहीतरी खायला मिळणार. लिहायचंच असेल काही, तर माझं नाव लिहा. रस्त्याने मी आणली, तीही दोन वेळा."

बोलून झाल्यावर, आपण हे काय बोलून बसलो, ते त्यांच्या लक्षात आलं. वहिनी त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या, आणि लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांनंतर तसं त्यांनी बघितलं नव्हतं.

फौजदारबाईंनी ओठ घट्ट मिटले. मग खांदे हलायला लागले. मग त्या खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. त्यांचं बघून शिपाई हसला, धिप्पाड पोलीस हसला, आणि काय चाललंय ते न कळलेला कोठडीतला एक भुरटा चोरही हसला.

"मामा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आणा तो केक."

त्याचं असं झालं होतं, की हवालदारमामांसाठी मोठा केक आणला होता, पण सकाळपासून तो तसाच पडला होता. चौकीत सुऱ्यांना काय तोटा? मागच्या खोलीत कपाट भरून होत्या. पण एकूण एक मोहोरबंद, खटल्यातल्या. त्यातल्या एकीला जरी आयसिंग लागलं असतं तरी कोर्टात उत्तर द्यावं लागलं असतं. कोणीतरी फूटपट्टीने कापून बघितला होता, त्याची खूण केकवर होती.

"सुरीला मालक भेटला," फौजदारबाई म्हणाल्या, "आणि ती आत्ता इथे असायला कारणही आहे. वकीलसाहेब, हे कारण वाजवी आहे का?"

"अत्यंत," वकीलसाहेब केककडे बघत म्हणाले. कायद्याबद्दल ते इतकं निःसंदिग्ध पहिल्यांदाच बोलले.

सुरी धुऊन आली. मावशींनी केक असा कापला की एकही तुकडा दुसऱ्यापेक्षा तसूभर मोठा नाही. कोठडीतल्या चोरालाही मिळाला. हवालदारमामांनी पहिला घास फौजदारबाईंना भरवला आणि दुसरा घ्यायच्या आत त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी लाजून विषय बदलला.

"राहायला कुठे तुम्ही?" त्यांनी नियमरावांना विचारलं.

नियमरावांनी पत्ता सांगितला. हवालदारमामा खाता खाता थांबले. "अहो, मग संध्याकाळी मी तुमच्याकडेच येणार होतो! पासपोर्टची चौकशी. माझं शेवटचं काम." त्यांनी हात पुसले आणि टेबलावरून कागद घेतला. "दोन शेजाऱ्यांना विचारावं लागतं. हे शेजारी ना? बोला, माणूस कसा आहे?"

नियमरावांनी हातातला केक खाली ठेवला.

"फार भित्रा आहे हो," मावशी म्हणाल्या, आणि मग घाईघाईने, "पण आजपासून तसं म्हणवत नाही."

"वर्तमानपत्र उसनं देतो," वकीलसाहेब म्हणाले. "आणि परत मागत नाही."

हवालदारमामांनी मान डोलावून एक शब्द लिहिला. नियमरावांनी वाकून बघितलं. वर्तणुकीपुढे लिहिलं होतं: 'निरुपद्रवी'.

त्यांचा चेहरा जरा पडला. जिवावर उदार होऊन बोललेल्या माणसाला हा शब्द झोंबणारच. "'सचोटीचा' असं नाही का बसणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"रकाना केवढा आहे बघा की," हवालदारमामा म्हणाले. वहिनींनी नवऱ्याच्या कोपराला चिमटा काढला, तेव्हा ते गप्प बसले.

घरी आल्याबरोबर वहिनींनी लेकीला फोन लावला. चौघंही भोवती बसले होते, प्रत्येकाला आपल्यापासून सुरुवात करायची होती. लेकीने फोन उचलला आणि कुजबुजली, "आई, हळू बोल गं. इकडे रात्र आहे, आत्ताच झोपलाय तो."

तेव्हा मग सगळं हलक्या आवाजात सांगायचं ठरलं. वहिनींनी बागेपासून सुरुवात केली, वकीलसाहेबांनी कायद्याचा भाग कुजबुजत समजावला, मावशींनी बसमधली मारामारी हातवारे करून दाखवली, ती फोनवर दिसत नव्हती तरी. कुकर उघडल्याच्या ठिकाणी नियमरावांना इतकं हसू आलं की त्यांनी तोंडात उशीचं टोक कोंबलं. पलीकडे लेकही तोंड दाबून हसत होती, तिचा श्वास फुसफुस ऐकू येत होता. पण 'कलिंगड' हा शब्द कुजबुजत म्हणता येत नाही. निदान मावशींना तरी येत नाही. तो आला आणि पलीकडून एक बारीकसं, संतापलेलं रडणं सुरू झालं.

"उठला," लेक म्हणाली.

चौघांनीही जिभा चावल्या. मग नियमरावांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि नातू दमून गप्प होईपर्यंत ते ऐकत राहिले. कोणाला म्हणून त्यांनी फोन दिला नाही.